वीट, पोलाद आणि भाडे: शिकागोची मोनॅडनॉक इमारत

मंगळवार

शिकागोला येणारा पाहुणा बहुधा विलिस टॉवरच्या १०३व्या मजल्यावर जाऊन शहर वरून पाहतो आणि उरलेला वेळ मिशिगन सरोवराच्या काठी घालवतो. माझा बेत वेगळा होता. १८७१च्या ऑक्टोबरातील आगीने या शहराचा मध्यभाग जाळून टाकल्यावर पुढील पंचवीस वर्षांत तेथे कचेऱ्यांसाठी ज्या भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील ज्या आज शिल्लक आहेत त्या मला पायी आणि सावकाश पाहायच्या होत्या. त्यांतही मुख्य ओढ होती ती डिअरबॉर्न रस्त्यावरील मोनॅडनॉक इमारतीची. स्थापत्याच्या पुस्तकांत तिचा उल्लेख विटांच्या भारवाही भिंतींवर उभ्या असलेल्या उंच इमारतींची शेवटची पायरी म्हणून येतो. तो खरा असला तरी अपुरा आहे. तिचे रूप ठरवण्यात वास्तुविशारदाइतकाच मालकाच्या भाड्याच्या हिशेबाचाही वाटा होता, आणि तो हिशेब तिच्या भिंतींवर आजही वाचता येतो, असे माझे मत आहे.

पण मोनॅडनॉकआधी तिची थोरली बहीण पाहणे योग्य, म्हणून पहिला दिवस लासाल रस्त्यावरील रुकरी या इमारतीला दिला. मोनॅडनॉकचा उत्तर भाग करणाऱ्याच डॅनियल बर्नहॅम आणि जॉन रूट या वास्तुविशारदांच्या जोडीने ती बांधली आणि १८८८मध्ये ती पूर्ण झाली. आगीनंतर या जागेवर, आगीतून वाचलेल्या पाण्याच्या एका मोठ्या टाकीच्या भोवती, तात्पुरती नगरपालिका बांधलेली होती आणि टाकीत चक्क सार्वजनिक ग्रंथालय भरत असे. त्या पडक्या वास्तूवर पक्ष्यांचा एवढा वावर होता, आणि आतल्या पुढाऱ्यांची ख्यातीही अशी होती, की लोक तिला ‘रुकरी’ हे पाखरांच्या वस्तीचे नाव देऊन मोकळे झाले. नव्या इमारतीच्या मालकांना ते नाव फारसे रुचले नव्हते म्हणतात, पण रूटने प्रवेशद्वाराच्या कमानीपाशी दगडात कावळ्यांच्या जातीचे पक्षी कोरून त्यावर शिक्कामोर्तब केले.

बाहेरून रुकरी जड दिसते. खाली तांबूस ग्रॅनाइट, वर तांबड्या विटा आणि भाजलेल्या मातीची नक्षी, आणि त्या नक्षीत मूरिश व रोमनेस्क वळणे अशी दाटीने एकत्र आली आहेत की डोळा कोठे थांबवावा ते कळत नाही. आत पाऊल टाकल्यावर मात्र चित्र पालटते. इमारतीच्या पोटात मोठा चौक आहे, त्याच्या तळाशी दोन मजले उंचीवर काचेचे छप्पर आहे आणि त्यावरचा चौक आकाशाला खुला आहे. विजेचे दिवे नुकतेच येऊ लागले होते, त्यामुळे कचेरीच्या खोलीची किंमत तिला मिळणाऱ्या उजेडावर ठरत असे. हा चौक म्हणजे आतल्या खोल्यांनाही बाहेरच्यासारखे भाडे मिळवून देण्याची युक्ती होती. चौकाकडील भिंती पांढऱ्या चकचकीत विटांच्या आहेत, त्याचेही कारण तेच.

१९०५मध्ये फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाने या दालनाचे नूतनीकरण केले आणि रूटचे नाजूक लोखंडी काम सोनेरी नक्षीच्या पांढऱ्या संगमरवरात झाकून टाकले. १९९२मध्ये पूर्ण झालेल्या जीर्णोद्धारात एका खांबावरील संगमरवराचा काही भाग मुद्दाम उघडा ठेवला आहे, त्यातून आतला मूळ लोखंडी खांब दिसतो. मी त्या खांबापाशी बराच वेळ उभा होतो. राइटचे काम देखणे आहे यात शंका नाही, पण मला विचाराल तर झाकलेले अधिक चांगले होते.

येथून दक्षिणेकडे पाहिले की लासाल रस्ता शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड या धान्याच्या सौद्यांच्या बाजाराच्या १९३०च्या उंच इमारतीने बंद झालेला दिसतो. तिच्या माथ्यावर धान्यदेवता सेरीसचा पुतळा आहे. त्याला चेहरा कोरलेला नाही, कारण एवढ्या उंचीवर तो जवळून कोणी पाहणार नाही अशी तेव्हा समजूत होती, असे सांगतात. ही इमारत होलाबर्ड आणि रूट या संस्थेची. पण हा रूट म्हणजे रुकरी बांधणाऱ्याचा मुलगा, आणि हा होलाबर्ड म्हणजे मोनॅडनॉकचा दक्षिण भाग बांधणाऱ्याचा मुलगा. वडिलांनी एकाच इमारतीचे दोन अर्धे वेगवेगळे बांधले आणि मुलांनी भागीदारी केली.

बुधवार

भुयारी रेल्वेच्या निळ्या मार्गावरील जॅक्सन स्थानकातून वर आले की मोनॅडनॉक समोरच उभी असते. अपेक्षा अशी होती की सोळा मजल्यांची ही इमारत आजच्या शिकागोत बुटकी वाटेल. (अमेरिकेत तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, हे मजले मोजताना ध्यानात ठेवावे लागते.) प्रत्यक्षात ती बुटकी वाटत नाही, कारण तिला उंचीपेक्षा वजन आहे आणि ते वजन रस्त्यावरूनच जाणवते. जांभळट तपकिरी विटांची ती प्रचंड भिंत पायाशी बाहेरच्या बाजूला किंचित पसरते, दुसऱ्या मजल्यापाशी हळुवार वळणाने आत येते, तेथून सरळ वर चढते आणि माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते. सज्जा नाही, खांब नाहीत, कमानीवर फुलेपाने नाहीत. कोपरे तासलेले आहेत आणि हा तास जसजसे वर जावे तसतसा रुंद होत जातो. खालून पाहताना हे लगेच लक्षात येत नाही, पण एकदा आले की नजर त्यावरून हलत नाही. या वळणांसाठी नेहमीच्या चौकोनी विटा चालणाऱ्या नव्हत्या, म्हणून खास साच्यांतून गोलाई दिलेल्या विटा घडवून घ्याव्या लागल्या.

ही इमारत एवढी निराभरण कशी झाली, हा तिचा सर्वांत रंजक इतिहास आहे. तिचे मालक पीटर आणि शेपर्ड ब्रूक्स हे बोस्टनचे धनिक बंधू होते. ते शिकागोत राहत नसत. त्यांचा सगळा कारभार ओवेन आल्डिस हा मुखत्यार पाहत असे आणि पीटर ब्रूक्सच्या सूचना पत्रांतून येत. त्या पत्रांतील आग्रह एकच होता: भिंतीला पुढे आलेले काही नको, खोबणी नकोत, सगळे सपाट आणि गुळगुळीत हवे. इमारत मजबूत दिसली पाहिजे, नटलेली दिसण्याची गरज नाही. पुढे आलेल्या प्रत्येक कंगोऱ्यावर धूळ आणि काजळी बसते आणि त्याची डागडुजी करावी लागते. दगडी कोळशावर चालणाऱ्या शहरातील घरमालकाचा हा रोखठोक हिशेब होता.

रूटचा पिंड याच्या अगदी उलट. रुकरीची नक्षी पाहिल्यावर ते वेगळे सांगायला नको. मोनॅडनॉकसाठी त्याने १८८४ ते १८८५च्या सुमारास केलेल्या पहिल्या आराखड्यांत इजिप्शियन धर्तीची सजावट होती. नंतर काम काही वर्षे रखडले आणि १८८९मध्ये ते पुन्हा हाती घेतले गेले, तेव्हा आल्डिसने सजावट काढून टाकण्याचा लकडा लावला. सांगतात असे की रूट सुटीवर गेला असताना बर्नहॅमने एका नकाशाकाराकडून सरळसोट, बिनसजावटीचा दर्शनी भाग काढून घेतला. परत आल्यावर रूट आधी चिडला, पण मग त्या कल्पनेनेच त्याचा ताबा घेतला. इजिप्तच्या पिरॅमिडची तिरकी, जड रेषा आपल्या मनात बसली आहे आणि आता एकही अलंकार न वापरता आपण हे काम उभारणार, असे त्याने जाहीर केले. पायाशी पसरणारी आणि माथ्याशी झुकणारी ती रेषा त्यातून आली. मालकाने अलंकार काढायला लावले आणि वास्तुविशारदाने अख्ख्या भिंतीलाच घाट दिला.

रूटने ही इमारत पूर्ण झालेली पाहिली नाही. १८९१च्या जानेवारीत न्यूमोनियाने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याचे वय ४१ होते. उत्तरेकडील भाग त्याच वर्षी पुरा झाला.

सपाट भिंतीच्या या नियमाला एकच अपवाद आहे. डिअरबॉर्न रस्त्याच्या बाजूने चालत गेले की भिंत लाटांसारखी आतबाहेर होताना दिसते. या गवाक्षांच्या ओळी आहेत. त्या दुसऱ्या मजल्यापाशी भिंतीतूनच उगवल्यासारख्या सुरू होतात आणि माथ्याच्या थोडे खाली तितक्याच शांतपणे विरून जातात. काजळीच्या धाकाने एक कंगोरासुद्धा नाकारणाऱ्या मालकाला ही गवाक्षे चालली, कारण ती रस्त्यावर तरंगणारी भाड्याची जागा होती. जमीन आपल्या मालकीची तेवढीच, पण खोली हद्दीच्या पुढे जाते, आणि तीन बाजूंनी उजेड येतो तो वेगळाच.

दुपारी जॅक्सन रस्ता ओलांडून समोरच्या चौकात बसलो. तेथे मीस व्हॅन डर रोह या वास्तुविशारदाने आखलेले सरकारी संकुल आहे आणि मध्ये अलेक्झांडर काल्डरचे १९७४चे ‘फ्लेमिंगो’ हे ५३ फूट उंचीचे लालभडक पोलादी शिल्प उभे आहे. मीसच्या काळ्या इमारतींवर जे उभे पोलादी पट्टे दिसतात ते इमारतीचा भार वाहत नाहीत. खरा सांगाडा आत आहे. म्हणजे अलंकार टाळणाऱ्या पंथाच्या या आचार्यानेही पोलादाचाच अलंकार केला होता. समोरची विटांची भिंत मात्र जे दिसते ते प्रत्यक्ष पेलून उभी आहे. दोन्ही एकाच नजरेत पाहायला मिळतात म्हणून हा चौक चुकवू नये.

गुरुवार

आज आतून पाहणी केली. भाचा येथून जवळच नोकरीला आहे, तोही जेवणाच्या सुटीत आला. उत्तरेच्या दारातून आत शिरताना आधी भिंतीची खोली पार करावी लागते. तळाशी ती ६ फूट जाड आहे आणि माथ्याशी केवळ दीड फूट. आमच्याकडे जुन्या वाड्याच्या भिंतीत देवळी, कोनाडे आणि कधी कधी जिनासुद्धा मावत असे. येथे त्या जाडीत सारा भार आहे आणि मोकळी जागा काहीच नाही. भाच्याने दाराच्या जाडीला हात लावून पाहिला आणि विचारले, “मामा, यात भाड्याची किती जागा गेली असेल?”

प्रश्न अगदी नेमका होता. इमारतीची रुंदी सुमारे ६६ फूट. रस्त्याच्या पातळीवर दोन्ही बाजूंच्या भिंती मिळून १२ फूट, म्हणजे रुंदीचा जवळजवळ पाचवा हिस्सा विटांनी खाल्ला, आणि तोही ज्या मजल्यावर दुकानांचे भाडे सर्वांत जास्त त्या मजल्यावर. विलियम ल बॅरन जेनी याने १८८५मध्ये याच शहरात होम इन्शुअरन्स ही धातूच्या सांगाड्याची इमारत उभी केलेली होती. तरीही ब्रूक्स बंधूंना नव्या पद्धतीचा भरवसा वाटत नव्हता आणि त्यांनी विटांचाच आग्रह धरला. खर्चाच्या बाबतीत एवढा काटेकोर मनुष्य येथे मात्र सावधपणापायी तोट्यात गेला. सांगाड्यावर इमारत पेलण्याचा प्रयोग तसा शिकागोचाही पहिला नव्हे. मुंबईत काळाघोड्याजवळचे वॉटसन हॉटेल त्याआधी सुमारे दोन दशके इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडी सांगाड्यावर उभे राहिले होते आणि त्याच्या विटा केवळ चौकटी भरण्यापुरत्या होत्या.

मोनॅडनॉकही केवळ विटांची आहे असे नाही, हे आत आल्यावर कळते. बाहेरच्या भिंती भार वाहतात, पण आत लोखंडाचे खांब आणि तुळया आहेत, आणि एवढ्या अरुंद व उंच इमारतीला सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याचा जोर सोसावा म्हणून लोखंडी चौकटींचे आडवे बंध घातले आहेत. अमेरिकेत वाऱ्याविरुद्ध असा बंदोबस्त करण्याचा हा सुरुवातीचा प्रयत्न मानतात.

पायाची कथा आणखी वेगळी. शिकागोखाली कठीण खडक फार खोल आहे आणि वर सगळी मऊ चिकणमाती. रूटने आधीच्या इमारतींत रेल्वेचे रूळ आडवेउभे रचून ते काँक्रीटमध्ये गाडण्याची आणि त्या तराफ्यावर इमारत ठेवण्याची रीत रूढ केली होती. मोनॅडनॉकचा पायाही तसाच, पोलादी तुळया घातलेल्या काँक्रीटच्या थराचा. इमारत ८ इंच खचेल असे गृहीत धरून बांधकाम केले होते. ती गृहीत धरल्याहून पुष्कळ अधिक, सुमारे २० इंच खचली आणि तळमजला रस्त्यापेक्षा खाली गेला. आजही आत शिरताना पायरी उतरावी लागते, याचे कारण हे.

आतला मार्ग उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सरळ जातो आणि दोन्ही बाजूंना काचेच्या दर्शनी भागाची दुकाने आहेत: टोप्या शिवणारा, न्हावी, कॉफीचे दुकान. पाट्या काचेवर जुन्या वळणाच्या सोनेरी अक्षरांत रंगवलेल्या आहेत. जमिनीवर संगमरवराच्या लहान तुकड्यांचे जडावकाम आहे. १९३८च्या आधुनिकीकरणात यातले बरेच काही झाकले किंवा काढले गेले होते. १९६६मध्ये ब्रूक्स घराण्याच्या हातून इमारत गेली, आणि १९७९मध्ये आलेल्या नव्या मालकांनी मूळ नकाशे व जुनी छायाचित्रे पाहून एकेक भाग पूर्ववत करायला घेतला. हे काम १९९२पर्यंत चालले होते. सगळे एकदम न करता, भाडेकरू ठेवून आणि पैसे येतील तसे करत गेल्यामुळे ते चांगले झाले असावे असे मला वाटते.

आतली सर्वांत सुंदर वस्तू म्हणजे उत्तर भागातील जिना. त्याचे नक्षीदार कठडे ॲल्युमिनियमचे आहेत. १८९१मध्ये हा धातू नवलाचा होता आणि इमारतीच्या कामात तो वापरल्याच्या अगदी पहिल्या उदाहरणांत या जिन्याची गणना होते. बाहेर एक पानही कोरू न देणाऱ्या मालकाने आत हा खर्च मान्य केला, कारण जिना भाडेकरूच्या नजरेसमोर रोज येतो आणि त्यावर पाऊस पडत नाही. माथ्यावरच्या काचेच्या छतातून उजेड जिन्याच्या मधल्या मोकळ्या जागेतून खाली झिरपतो.

चालता चालता आपण दक्षिण भागात कधी आलो ते जिन्याकडे पाहूनच समजते. येथे कठडे कांस्याचा मुलामा दिलेल्या ओतीव लोखंडाचे होतात. १८९३मध्ये पूर्ण झालेला हा भाग विलियम होलाबर्ड आणि मार्टिन रोश यांचा, आणि पोलादी सांगाड्याचा. दोन वर्षांत मालकांनी मत बदलले होते. सांगाड्यामुळे वजन घटले, खर्च घटला आणि भाड्याची जागा वाढली. बाहेर येऊन व्हॅन ब्युरेन रस्त्याच्या टोकाकडून पाहिले की फरक उघड दिसतो: दक्षिणेकडे मोठ्या खिडक्या, पातळ भिंती, पुढे आलेला माथा आणि थोडी नेहमीची सजावट. तो भाग वाईट मुळीच नाही, पण शेजारी रूट उभा असल्यामुळे तो बिचारा सामान्य वाटतो. दोन्ही भाग मिळून तेव्हा ही जगातील सर्वांत मोठी कचेऱ्यांची इमारत होती. १,२०० खोल्या आणि सुमारे ६,००० माणसांची सोय. हिशेबाच्या सोयीसाठी तिचे चार विभाग पाडून त्यांना न्यू इंग्लंडमधील पर्वतांची नावे दिली होती: मोनॅडनॉक, किअरसार्ज, कटाडिन आणि वाचूसेट.

शुक्रवार

सकाळी स्टेट रस्त्यावरील रिलायन्स इमारत पाहिली. तिची हकिकत भाड्याच्या विषयातच बसते. मालकाला जुनी पाच मजली इमारत पाडून नवी बांधायची होती, पण वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंचे करार १ मे १८९४पर्यंत होते आणि ते हलायला तयार नव्हते. तेव्हा वरचे मजले भाडेकरूंसह जॅकवर उचलून धरले, खालचा मजला काढला आणि त्या जागी रूटच्या आराखड्याप्रमाणे नवा पाया व नवा तळमजला बांधला. वर लोक काम करत होते आणि खाली इमारत बदलत होती. करार संपल्यावर चार्ल्स ॲटवुडने वरचा भाग पूर्ण केला. वरच्या दहा मजल्यांचा पोलादी सांगाडा १५ दिवसांत उभा राहिला आणि १८९५मध्ये इमारत पूर्ण झाली. मोनॅडनॉकनंतर अवघ्या चार वर्षांनी भिंत जवळजवळ नाहीशी झालेली येथे दिसते: खिडकीखाली पांढऱ्या चकचकीत टेराकोटाची, म्हणजे भाजलेल्या मातीची, अरुंद पट्टी आणि बाकी सगळी काच. हा पांढरा मुलामा पावसाने आपोआप धुऊन निघेल असे वाटले होते. ते खरे ठरले नाही, आणि दुरुस्तीपूर्वी ती बरीच काळवंडली होती. १९९९पासून तेथे हॉटेल आहे.

दुपारी आर्ट इन्स्टिट्यूट. याच इमारतीत १८९३च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली होती. विवेकानंदांचे भाषण सर्वांना ठाऊक असते, पण मुंबईचे बी. बी. नगरकर हेही ब्राह्मो समाजाच्या वतीने तेथे आले होते, याचा आपल्याला सहसा विसर पडतो. मोनॅडनॉकचा दक्षिण भाग नेमका त्याच वर्षी पुरा झालेला होता आणि तेथून ती काही मिनिटांच्या चालीवर आहे.

मी मात्र आलो होतो ते ॲडलर आणि सुलिव्हन या वास्तुविशारदांनी १८९४मध्ये पूर्ण केलेल्या शेअरबाजाराचे दालन पाहण्यासाठी. मूळ इमारत १९७२मध्ये पाडली गेली. ती वाचवण्यासाठी झटणारा आणि पाडकामातून नक्षीचे तुकडे गोळा करणारा छायाचित्रकार रिचर्ड निकेल त्याच ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावला. सौद्यांचे दालन नंतर या संग्रहालयात पुन्हा उभे केले. हिरव्या, सोनेरी आणि मातकट रंगांच्या छाप्यांची त्याची भिंत अप्रतिम आहे, पण ते दालन रिकामे आहे आणि त्यात व्यवहार होत नाही; आणि प्रवेशद्वाराची कमान तर संग्रहालयाबाहेर, मनरो आणि कोलंबस रस्त्यांच्या कोपऱ्यावर, कोणत्याही इमारतीशिवाय उभी आहे. सुलिव्हनची कला पाहायला मिळते, याबद्दल कृतज्ञ राहावे. पण व्यापारी इमारत म्हणून ती कशी होती हे येथे कळत नाही. ते कळायला गाळे भाड्याने दिलेली मोनॅडनॉकच लागते.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की मोनॅडनॉक आणि रुकरी या दोन्ही चालत्या कचेऱ्यांच्या इमारती असल्यामुळे शनिवार-रविवारी न जाता कामाच्या दिवशी जावे. मोनॅडनॉकमध्ये जॅक्सन रस्त्याच्या दारातून शिरून व्हॅन ब्युरेनच्या दारातून बाहेर पडावे, म्हणजे विटांकडून पोलादाकडे जाण्याचा क्रम बरोबर राहतो. आणि बाहेर पडल्यावर डिअरबॉर्न रस्त्याच्या समोरच्या पदपथावरून उत्तरेकडे परत चालत यावे. दोन्ही भागांमधील सांधा त्या बाजूने चांगला दिसतो.